एस्प्री

काही शब्द परक्या घरी जातात तेव्हा माहेरची निम्मी शिदोरी मागेच ठेवून जातात. फ्रेंच भाषेतील ‘एस्प्री’ हा असाच एक शब्द. लॅटिन ‘स्पिरितुस’ म्हणजे श्वास. त्यापासून तो घडला. मन, बुद्धी, आत्मा आणि नर्मविनोद हे सारे त्याच्या पोटात मावते. फ्रेंच माणूस पवित्र आत्म्यासाठी हाच शब्द योजतो आणि चतुर, रसिक बोलणाऱ्याच्या अंगीही ‘एस्प्री’ आहे असे म्हणतो. एमान्युएल मूनिए या कॅथलिक विचारवंताने 1932 साली काढलेल्या नियतकालिकाचे नावही हेच. जर्मनांनी मात्र तो उसना घेताना बुद्धीची चमक तेवढी उचलली; पवित्र आत्म्यासाठी त्यांचा ‘गाइस्ट’ घरचाच होता.

आपल्याकडे हे शब्दकुळ निराळ्या वाटेने आले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त मराठी ओवी रचतानाही ‘स्पिरिता सांता’ हे नाव कायम ठेवले. पुढे आपण ‘पवित्र आत्मा’ म्हणू लागलो आणि ‘स्पिरिट’ औषधाच्या बाटलीत जाऊन बसले. अंधेरीच्या होली स्पिरिट हॉस्पिटलात मात्र दोन्ही एका छपराखाली नांदतात. एक दारावरच्या पाटीवर, दुसरे कापसाच्या बोळ्यावर.

माझ्या आईच्या अखेरच्या आजारात परिचारिका तिच्या दंडाला स्पिरिट लावीत होती. आई धापा टाकीत म्हणाली, “बाय, देहाला तुझे स्पिरिट पुरे. दुसरे पाद्रीबाबा आणतील.” परिचारिका हसली, आम्हीही हसलो. एकेक श्वास तिला कष्टाने मिळत होता. त्यातले चार तिने आमच्या मनावरचे ओझे हलके करण्यासाठी वेचले.

तेव्हापासून वाटते, विनोद आणि आत्मा यांना एकच नाव देण्यात फ्रेंचांनी गल्लत केलेली नाही. ‘हजरजबाबी’ हा आपला शब्द उत्तराची तत्परता सांगतो. त्यामागची वृत्ती सांगत नाही. तत्परता तर टोमण्यातही असते. आपल्या घरांत, सभांत, गावकीच्या बैठकांत चार माणसांसमोर एखाद्याला गप्प करणाऱ्या वाक्याला आपण चटकन दाद देतो. अशा वेळी थोडे थांबून पाहावे, त्या बोलण्याने ऐकणाऱ्याला मोकळा श्वास घेता आला की त्याचा श्वास कोंडला? पहिले घडले असेल, तरच ‘एस्प्री’ हे नाव त्याला शोभेल.