शेवटच्या रांगेतली जागा

२ नोव्हेंबर

आज तंबोऱ्यांच्या गवसण्या सोडल्या. दरवर्षी हे काम नाना करायचे आणि मी शेजारी बसून खर्चाची यादी लिहायचो. आषाढात नाना गेले. तेव्हापासून जोडी माझ्या माजघरात भिंतीला टेकून उभी आहे.

खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. पंचम लागला, मधली जोड लागली, खर्जाची पितळी तारही जागेवर आली. पण आवाज मिटलेलाच राहिला. तार छेडल्यावर जो झंकार घोंगावत वर उठतो, तो उठेना. जवारी गेली आहे. उत्सवाआधी नाना ही जोडी मिरजेला घेऊन जायचे, हे मला ठाऊक होतं. तिथे कुणाकडे जातात, काय सांगतात, किती वेळ बसतात, हे बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एका शिंप्याने, म्हणजे नानांनी, आणि एका प्राथमिक शिक्षकाने, म्हणजे मी, कृष्णाकाठच्या चारशे उंबऱ्यांच्या गावात शास्त्रीय गाण्याचा उत्सव सुरू केला. लोक अजून मला विचारतात, गावाला हे गाणं कळतं का? नानांचं उत्तर ठरलेलं असे. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. म्हणायचे, "आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भैरवी म्हणून घरी जात्यात. राग नवा नाही, नाव नवं आहे."

५ नोव्हेंबर

देवळात बैठक झाली. पंचवीसेक माणसं होती. पहिलाच प्रश्न, "गुरुजी, आवंदा कसं करायचं?"

तालुक्यातल्या एका मोठ्या माणसाकडून निरोप आला आहे. दीड लाख रुपये द्यायची तयारी आहे. उत्सवाला नानांचं नाव द्यायचं, देऊळ सोडून शाळेचं मैदान घ्यायचं, मोठा पडदा लावायचा, आधी तासभर सत्कार आणि भाषणं, आणि दुसऱ्या रात्री ऑर्केस्ट्रा. तरुण पोरांना हे पटलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी दोन रात्रींना एक लाख शेहेचाळीस हजार खर्च आला. त्यातला तुटीचा भाग नाना जून महिन्यातल्या शाळेच्या गणवेशांच्या शिलाईतून भरायचे. तो आता कोण भरणार? शिवाय पोरांच्या मनात नानांविषयी खरी माया आहे. त्यांचं नाव मोठ्या अक्षरात दिसावं, असं त्यांना मनापासून वाटतं.

मी आठ दिवस मागून घेतले. पैशाला नाही म्हणणं सोपं नसतं. त्या पैशाबरोबर नानांचं नाव येत असेल, तर त्याहून अवघड.

८ नोव्हेंबर

मिरज. एस.टी.च्या मागच्या बाकावर एक तंबोरा मी धरला, दुसरा कोमलने. कोमल दहावीत आहे. तिचे आईवडील द्राक्षबागेत कामाला जातात. गेली दोन वर्षं उत्सवात तंबोऱ्यावर तीच बसते. नानांनीच तिला तार छेडायला शिकवलं: बोट मारायचं नाही, तारेवरून उतरवायचं.

मिरजेच्या त्या गल्लीत शिरलं की दुकानादुकानांत भोपळे टांगलेले दिसतात. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी इथे वाद्यं करायला सुरुवात केली. तलवारींचा काळ संपत आला होता, हातातली कारागिरी तेवढी शाबूत होती. ती लाकडाकडे आणि तारेकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

कारागिरांनी नानांची गवसणी लगेच ओळखली. नाना गेल्याचं सांगितल्यावर हातातली कानस खाली ठेवून ते थोडा वेळ गप्प बसले. मग कामाला लागले. तारा सैल करून बाजूला घेतल्या, घोडीचा पृष्ठभाग इतका हलका घासला की डोळ्यांना फरक दिसेना. पुन्हा तार चढवली, तारेखाली सुताचा धागा सरकवला, ऐकलं. पुन्हा उतरवली. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. शेवटी धागा केसभर पुढे सरकला आणि तार एकदम उघडली. कोमलच्या तोंडून "आलं!" असं निघून गेलं.

कारागीर तिला म्हणाले, "नाना पण असंच म्हणायचे. तुला ऐकू आलं ना? मग पुढच्या वर्षी तूच आण."

परतताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर इथेच आहे, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गवई अजूनही हजेरी लावतात. तिथे भाषण लागत नाही. गवई येतो, बसतो, गातो.

१२ नोव्हेंबर

वहिनींकडे गेलो. नानांचं मशीन खिडकीपाशी तसंच आहे, टेप खुंटीला आहे. दीड लाखाचं सगळं सांगितलं. व्यासपीठावर नानांचा मोठा फोटो लावायचं चाललंय, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्यांला कधी म्होरं बसायला आवडलं का? सगळं गाणं मागं बसून ऐकलं त्यांनी. आता फोटो करून म्होरं बसवताय व्हय?"

मग गवसणीचा उसवलेला कोपरा बघून म्हणाल्या, "ही ठेवून जावा."

१५ नोव्हेंबर

आज दिवसभर औंध डोक्यात होतं. तेवीस वर्षांपूर्वी नाना आणि मी एस.टी.ने तिथे गेलो होतो. डोंगरावर यमाई, खाली गाव, आणि त्या गावात रात्रभर गाणं. पहाटे चहा घेताना नाना म्हणाले होते, "गुरुजी, औंध काय पुणं-मुंबई न्हवं. हितं होतंय, तर आपल्याकडं का होऊ ने?" आमचा उत्सव त्या चहाच्या कपात सुरू झाला.

औंधचा उत्सव १९४० साली अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केला. अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बाळकृष्णबुवांनी. अंतुबुवांनंतर त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी उत्सव पुढे नेला. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या गळ्यात आणि व्हायोलिनवर तीच हुकमत, असा तो कलावंत. १९८७ साली तेही गेले. पुढे शिष्य आणि नातवंडं उभी राहिली. तिकडे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या आठवणीत नाडगीर वाड्यात गाणं होतं. तेही गावच.

या सगळ्या ठिकाणी स्मरण टिकलं, कारण गेलेल्या माणसाचं काम कुणीतरी हातात घेतलं. गवयाच्या मागे शिष्य असतात, त्यांच्या गळ्यात तो उरतो. नाना गवई नव्हते. ते ऐकणारे होते, आणि ऐकवणारे. ऐकणाऱ्याचा शिष्य कसा असतो? त्याची विद्या कुठे उरते? या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तरच उत्सव पुढे जाईल.

१६ नोव्हेंबर

पुन्हा बैठक. दीड लाख नम्रपणे परत करायचं ठरलं. दोनाऐवजी एकच रात्र. तीन गायक, देवळाच्या सभामंडपातच. सत्कार नाही, भाषण नाही. फोटो नाही.

मग मी नानांची कामं एकेक करून मोठ्याने वाचली. आठवेल तेवढी रात्री लिहून काढली होती, एक्केचाळीस भरली. स्टेशनवरून कलावंतांना आणणं. तबला आणि पेटीच्या साथीदारांची बिदागी गायकाच्या आधी देणं. पहाटेच्या गवयाला रात्री शांत खोली मिळेल हे बघणं. गाणं चालू असताना मंडपाच्या दारातली मोटारसायकल हलवायला लावणं. ऊसतोडीच्या टोळ्यांना आमंत्रण देणं. प्रत्येक घरी जाऊन वेळ सांगणं.

सुरुवातीला सगळे गप्प होते. मग ज्या पोराला पडदा हवा होता, तोच म्हणाला, "स्टेशनवरून आणायचं माझ्याकडं." बघता बघता सगळी कामं वाटली गेली. एक तेवढं उरलं, कारण ते काम कसं सांगावं हे मलाच कळेना. मी लिहिलं होतं: शेवटच्या रांगेत बसणं. कुणी घेतलं नाही, म्हणून माझ्याकडे ठेवलं.

२८ नोव्हेंबर

सभामंडप धुतला. दगडी खांब, वर लाकडी छत; आवाजाला हा मंडप चांगला. दोन कर्णे पुरतात. गावातून एकसष्ट हजार जमले, पुण्या-मुंबईतल्या गावकऱ्यांनी वीस हजार पाठवले. भाकरी घराघरातून येणार आहेत.

संध्याकाळी वहिनींनी गवसणी पाठवली. उसवलेला कोपरा तर शिवलाच होता. शिवाय दुसऱ्या तंबोऱ्यासाठी नवीच गवसणी केली होती, गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची.

३० नोव्हेंबर

काल रात्री उत्सव झाला. झोप नाही, तरी आत्ताच लिहून ठेवतो.

नेहमीप्रमाणे आधी भजनी मंडळ अर्धा तास बसलं. मग यमन सुरू झाला. इतकी वर्षं मी निवेदक म्हणून मंचाच्या डावीकडे, गवयापासून चार हातांवर बसत आलो. काल नावं सांगून खाली उतरलो आणि मागे जाऊन नानांच्या जागी बसलो: शेवटचा खांब, चपलांच्या अलीकडे. तिथे भजनातले म्हातारे असतात, लेकरं मांडीवर घेतलेल्या बाया असतात, आणि घोंगडी पांघरलेली बीडकडची दोन-तीन टोळीवाली माणसं, ज्यांना पहाटे फडावर जायचं असतं.

तिथून ऐकलं आणि छातीत धस्स झालं. गाणं येत होतं, पण तंबोरा येतच नव्हता. मिरजेत जी तार उघडली होती, ती मंचावर गुंजत असणार. शेवटच्या खांबापाशी तिचा मागमूस नव्हता. तबला मात्र दणदणत होता. कोपऱ्यातल्या मोठ्या पंख्याची घरघर सगळ्यावर पसरली होती. सूर ज्याच्यावर उभा राहतो, ती जमीनच मागच्या माणसांना मिळत नव्हती.

तेव्हा समजलं की नाना मागे का बसायचे. मध्येच ते हात वर करून कर्णेवाल्याला खूण करायचे, एखाद्याला पंखा बंद करायला पाठवायचे. मला वाटायचं, त्यांना स्वस्थ बसवत नाही. ते शेवटच्या माणसाच्या कानाने ऐकत होते.

मी हात वर केला. तबला खाली, तंबोरा वर. पंखा बंद. दोन मिनिटांत ते गुंजन खांबाखांबातून मागे आलं. विलंबित एकतालातली एवढी लांब आवर्तनं, पण सम आली तेव्हा घोंगडीतल्या एका माणसाची मान गवयाच्या मानेबरोबर हलली. माझ्या बाजूच्या म्हाताऱ्यांनी मांडीवर हलकी थाप दिली. मंचाजवळ बसून हे मला कधीच दिसलं नव्हतं.

मध्यरात्री बागेश्री झाला. तेव्हा तंबोऱ्यावर दुसरी मुलगी बसली होती, म्हणून कोमल मागे येऊन माझ्याजवळ बसली. थोड्या वेळाने कानाशी म्हणाली, "गुरुजी, पेटी जास्त येतीया." मी म्हणालो, "मग हात वर कर." तिने केला.

पहाटे ललत, आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाल्यावर टोळीची माणसं उठली, उभ्यानेच हात जोडले आणि फडाकडे निघाली.

२ डिसेंबर

हिशेब लिहिला. जमा एक्याऐंशी हजार, खर्च एकोणऐंशी हजार तीनशे पन्नास. शिल्लक सोळाशे पन्नास. ती पुढच्या वर्षीच्या तारांसाठी आणि जवारीसाठी राखून ठेवली.

तंबोरे गवसण्यांत घातले; एक जुनी पांढरी, एक नवी निळी. कामांच्या यादीत एक्केचाळिसाव्या कामासमोर माझं नाव होतं. त्याच्या पुढे कोमलचं लिहिलं.