मोटारींना मज्जाव असलेले झरमॅट

बर्फावरून घसरण्याची मौज सहकुटुंब लुटायची असेल, तर स्वित्झर्लंडमधील झरमॅट गाठावे. सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या या गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना मज्जाव आहे. मोटार पाच किलोमीटर अलीकडे टॅश येथे ठेवायची आणि रेल्वेने बारा मिनिटांत गावात पोहोचायचे. इथे धावतात त्या विजेवरच्या छोट्या गाड्या. धूर नाही की हॉर्नचा कलकलाट नाही.

समोर ४,४७८ मीटर उंच मॅटरहॉर्न. १४ जुलै १८६५ रोजी सात जणांनी तो प्रथम सर केला, पण उतरताना दोर तुटून चौघे दगावले. तो दोर गावच्या संग्रहालयात पाहायला मिळतो.

१८९८ पासून धावणारी गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे ३,०८९ मीटरवर नेते. नवशिक्यांनी प्रशिक्षकाकडून शिकून निळ्या खुणांच्या सोप्या उतारांवरच राहावे. लाल खुणांचे उतार मध्यम, तर काळ्या खुणांचे अवघड असतात.

वरच्या हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालते. मात्र जुलै २०२२ अखेर उष्म्यामुळे ते थांबवावे लागले. गावाच्या वेशीवर धूर अडवणाऱ्या झरमॅटला जगाच्या धुराची झळ काही चुकवता आलेली नाही.