निद्राच्छेद

संस्कृत काव्यशास्त्राने कामदशा मोजताना एका दशेला 'निद्राच्छेद' असे नाव दिले आहे. प्रियजनाच्या आठवणीने झोप उडणे, ही ती दशा. विरहिणीची जागरणे, चांदण्याने अंग पोळणे, चंदनाने दाह होणे इत्यादी सर्व उदाहरणांसह ती आम्ही वीसेक वर्षे वर्गात शिकवली. मात्र कंबर ठणकते म्हणून रात्री अडीच वाजता उठून बसलेला मनुष्य त्या परंपरेत आम्हांस कोठे आढळला नाही. त्याला नायकत्व नाही आणि त्याच्या वाट्याला कोणता रसही नाही. त्याच्याविषयी लिहावे असे वाटते, कारण चार वर्षे आम्ही तोच होतो.

घर जळगावला आणि नोकरी धुळ्याला, असा आमचा संसार. पाळधी, एरंडोल, पारोळा असे टप्पे घेत एस.टी.ने जायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. त्याच्या फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हा त्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. मागच्या चाकावरचे आसन मिळाले की पारोळ्यापर्यंत मणका न् मणका मोजून व्हायचा. घरी आल्यावर पलंगावर मांडी घालून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायचे. दोष सगळा रस्त्याला देणे आम्हांला सोयीचे होते, हे मान्य केले पाहिजे.

दुखणे प्रथम कमरेत होते, मग खांद्याच्या पात्यांमध्ये आले आणि अखेरीस झोपेत शिरले. या कुशीवर घटकाभर, त्या कुशीवर घटकाभर. अडीचला डोळा उघडला की पहाटेच्या पहिल्या बसचा आवाज येईपर्यंत छताकडे पाहणे. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून 'वयाप्रमाणे आहे' असे सांगितले. वेदनाशामक गोळ्यांनी आठवडाभर बरे वाटले, मग पोट बिघडले. व्यायामाचा कागदही मिळाला होता. तो आम्ही एका समीक्षाग्रंथात खूण म्हणून वापरला.

धुळ्याच्या एका सहकाऱ्याने देवपुरातील एका ऑस्टिओपॅथकडे नेले, तेव्हा मनात अविश्वासच होता. हे गृहस्थ मुळात फिजिओथेरपीचे पदवीधर. ऑस्टिओपॅथी पुढे शिकलेले. हाडे कडाकडा मोडणारा कोणी पैलवान भेटेल अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी आधी अर्धा तास प्रश्न विचारले. कितीला झोपता, कितीला जाग येते, उठल्यावर अंग मोकळे व्हायला किती वेळ लागतो. आणि मग, 'दुखते म्हणजे नेमके काय होते?'

आम्ही 'वेदना' असे उत्तर दिले. ते पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले.

मराठीच्या अध्यापकाची अशी फजिती क्वचित होत असेल. 'वेदना' हा आमच्या समीक्षेतला शब्द. विद्रोहाशेजारी बसणारा, प्रबंधांच्या शीर्षकांत शोभणारा. पाठीच्या बाबतीत तो अगदीच निरुपयोगी निघाला. मग आजीच्या ओसरीवरची भाषा हळूहळू आठवू लागली. कळ येते आणि ओसरते. चमक क्षणात निघून जाते. ठणका नाडीबरोबर चालतो. रग लागते ती श्रमाने, अंग मोडून येते ते तापाने. उसण अवचित भरते, मान आखडते, पायाला मुंग्या येतात. 'मुंग्या' ऐकताच गृहस्थांनी हात वर केला. पाय बधिर होतो का, पायातली ताकद कमी झाली आहे का, लघवीवरचा ताबा जातो का, ताप किंवा वजनात घट आहे का? यांतले काही असते तर अंगाला हात न लावता तुम्हांला इस्पितळात पाठवले असते, असे ते म्हणाले. आमच्या मुंग्या केवळ मांडी घालण्याच्या होत्या.

त्यानंतरचा पाऊण तास जवळजवळ निःशब्द गेला. तळहात बरगड्यांखाली ठेवून श्वासाची वाट पाहणे, मानेच्या मुळाशी बोटे टेकवून थांबणे, कंबर सावकाश ताणणे, असे काहीसे ते होते. मोडण्याचा आवाज एकदाच झाला. त्या रात्री आम्ही साडेपाचपर्यंत झोपलो. जाग आल्यावर घड्याळ बंद पडले असावे असे वाटले.

येथून आमची खरी अडचण सुरू होते. ज्याने आराम पडला त्याची उपपत्ती वाचून पाहावी, ही शिक्षकी खोड. ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) या अमेरिकन वैद्याची. १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्याची तीन मुले दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपला विचार जाहीर केला, १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे शाळा काढली. हाडे व सांधे जागेवर असले की रक्त नीट वाहते आणि देह स्वतःस बरा करतो, ही त्याची श्रद्धा. पुढे अमेरिकेत या शाखेचे पदवीधर औषधे देणारे व शस्त्रक्रिया करणारे पूर्ण डॉक्टर झाले. ब्रिटनने १९९३ मध्ये ऑस्टिओपॅथांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून समोरच्याची मूळ पदवी विचारून घेणे बरे.

पुरावा काय म्हणतो? २०२१ मध्ये फ्रान्समधील चारशे कंबरदुखीच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरे उपचार, निम्म्यांना उपचारासारखा दिसणारा हलका स्पर्श. पहिल्या गटाची हालचालीतली अडचण किंचित अधिक कमी झाली, पण ती रोजच्या जगण्यात जाणवेल इतकी आहे का, याविषयी खुद्द संशोधकच साशंक राहिले. वेदनेत तर म्हणण्यासारखा फरक नव्हता. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही हातांचे उपचार सुचवतात ते व्यायामाच्या जोडीनेच. तात्पर्य, आमचे एखादे हाड 'जागेवर बसले' असे मानायला आधार नाही. ते जागेवरून हललेच नव्हते.

पण झोप लागली, हेही खोटे नव्हे. दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक तीव्र वाटते. हे वर्तुळ चांगले ठाऊक असलेले आहे. ते कोठेतरी तुटावे लागते. आमच्या बाबतीत ते कोणी तोडले? त्या हातांनी, त्या अर्ध्या तासाच्या प्रश्नांनी, की पुढे मुकाट्याने केलेल्या व्यायामाने आणि पलंगाऐवजी टेबलावर तपासलेल्या उत्तरपत्रिकांनी? आम्हांला हे वेगळे करता येत नाही. उपपत्ती नाकारून अनुभव ठेवायचा, हे वाङ्मयात आम्ही सहज करतो. ईश्वर न मानणारा वाचक अभंगाने हलतो, त्यात आम्हांस कधी विसंगती दिसली नाही. स्वतःच्या कमरेपाशी मात्र ही उदारता दाखवायला बरेच दिवस लागले.

या संदर्भात पारोळ्याच्या आत्याची आठवण टाळता येत नाही. ती पायाळू. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाने पाय लावला की उसण जाते, हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. सकाळी पारोसे असतानाच माणसे तिच्या ओट्यावर पालथी पडायची. ती डावा पाय कमरेवरून तीनदा फिरवी आणि माणूस वडीलधारा असला तर लगेच वाकून नमस्कार करी. पाय लावल्याचा दोष नको म्हणून. उठलेला माणूस आधी चाचपडत उभा राही, मग हसे. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका येत. 'आंग दुखस' एवढेच सांगत. आत्या मात्र प्रत्येकीला खोदून विचारी: कोठे, कधीपासून, ओझे कोणी उचलले, रात्री झोप लागली का. देवपुरातल्या त्या खोलीत हेच प्रश्न ऐकताना आम्हांला ओट्यावरच्या शेणसारवणाचा वास आला होता.

उतारवयात तिची स्वतःची कंबर धरली. गावात दुसरे पायाळू कोणी नव्हते. सुटीत गेलो की रात्री बाजेवर तिची पाठ आम्ही रगडत असू. आम्ही तर डोक्याकडून जन्मलेले. तरी 'अजून थोडं खाली' असे म्हणता म्हणता, वाक्य अर्ध्यावर टाकून, ती झोपी जाई.