एकवीस हजारांचा उंबरठा

श्रावण, शके 1946

चि. बाळ हिस,


नायब तहसीलदारपदावर तुझी नेमणूक झाल्याचे वर्तमान कळल्यापासून तुला पत्र लिहावे असे रोज मनात येत होते. परंतु संजय गांधी निराधार अनुदान योजनेची शाखा तुझ्याकडे सोपविल्याचे काल ताईने कळविले, आणि गेली वीस वर्षे आमच्या ओसरीवर बायाबापड्यांचे अर्ज भरताना जो विषय माझ्या मनाला सतत टोचत आला, तो तुझ्यापुढे मांडल्यावाचून मला राहवेना.

हल्ली माझ्याकडे एक परित्यक्ता येते. पदरी दोन मुले आहेत, नवरा नांदवीत नाही आणि पोटगीही देत नाही. तिच्या कामाला ना ठरलेले तास, ना ठरलेले दिवस. सध्या निंदणी चालली आहे म्हणून रोज मिळतो. दसऱ्यानंतर कापूस फुटला की वेचणी लागते आणि तिचा हिशेब किलोवर असल्याने ही बाई झुंजुमुंजू होताच दवात भिजलेल्या रानात उतरते. लग्नसराईत ती पोळ्या लाटायला जाते. आणि झड लागली, किंवा धाकट्याला ताप भरला व त्याच्याजवळ बसणारे दुसरे माणूस घरात नसले, की आठ आठ दिवस हाताला काही लागत नाही. अर्जातल्या रकान्याप्रमाणे मी तिला वार्षिक उत्पन्न विचारले, तेव्हा ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "बाई, कोणत्या महिन्याचं सांगू?" बाळ, हा प्रश्न टाळण्यासाठी केलेला नव्हता, ज्या आयुष्यात वर्षाचा आकडा कधी तयारच होत नाही, त्या आयुष्याचे ते अत्यंत प्रामाणिक उत्तर होते.

असे उत्तर कागदावर कसे उतरते, हेही मी पाहिले आहे. एका तालुक्यात चौकशीला आलेल्या इसमाने ऐन वेचणीच्या दिवसांत एका विधवेला त्या दिवसाची मजुरी विचारली, तिने भाबडेपणाने 300 रुपये सांगितली, आणि त्याने ती मजुरी 300 दिवसांनी गुणून 90,000 रुपयांचा अहवाल दिला. अर्ज नामंजूर झाला. त्या बाईने 90,000 रुपये एकत्र कधी पाहिलेही नसतील. म्हणून तुझ्या तलाठ्यांना एवढी ताकीद दे की, एका दिवसाचा गुणाकार करू नये. हंगामवार किती दिवस काम लागले आणि किती दिवस बाई घरी बसली, याची शांतपणे बेरीज करावी.

परंतु मला अधिक सलते ते याच्याही पुढचे आहे. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. रोजगार हमीचा 2024-25 या वर्षाचा आपल्या राज्यातील दर दिवसाला 297 रुपये आहे. तू गणित करून पाहा: 70 दिवस काम केले तर 20,790 रुपये होतात, आणि 71व्या दिवशी बाई मर्यादेच्या पलीकडे जाते. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्या कल्पनेचा प्रयोग आरंभिला, ती पुढे राज्याचा आणि नंतर देशाचा कायदा झाली, व त्या कायद्याने कुटुंबाला वर्षाकाठी 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. म्हणजे सरकारने स्वतः दिलेले वचन पुरतेपणी पाळले, तर सरकारच्याच दुसऱ्या नियमाने ती बाई निराधार उरत नाही! मग अर्ज लिहिणारा काय करतो? तो 20,000 लिहितो. मीही लिहिले आहेत. ज्या हाताने तीस वर्षे मुलांना फळ्यावर सत्य बोलण्याचे सुविचार लिहून दिले, त्याच हाताने मी हा आकडा लिहिला, आणि त्याचे दुःख मला आजही आहे. बाईने खोटे बोलावे किंवा उपाशी राहावे, एवढेच दोन मार्ग ठेवणारा नियम बदललाच पाहिजे, आणि तो बदलावा असा प्रस्ताव कार्यालयातून वरिष्ठांकडे जाणे अशक्य नाही. तुझ्या अधिकारात नियम मोडणे बसत नाही, हे मी जाणते. परंतु खरे हंगामवार आकडे जोडून तो प्रस्ताव लिहिणे तुझ्या अधिकारात खासच बसते.

दरम्यान, खरे बोलूनही जे मिळू शकते, ते तरी या बायांना कोणी सांगावे. संजय गांधी योजनेत आज महिना 1,500 रुपये मिळतात. 2024 च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेतही 1,500 रुपयेच आहेत, पण तेथील उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे आणि पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. दोन्ही रकमा एकदम घेता येत नाहीत, हे खरे; परंतु तुझ्या टेबलावरून नामंजूर होऊन परत जाणाऱ्या बाईला पलीकडच्या दाराची वाट दाखविणारे एक वाक्य त्या नामंजुरीच्या कागदावर का असू नये? तसेच एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत दरमहा दर मुलामागे 2,250 रुपयांची तरतूद आहे. ती योजना महिला व बालविकास खात्याकडे असल्यामुळे महसुलाच्या कचेरीत तिचे नाव निघत नाही, आणि ज्या माउलीला दोन मुले आहेत, तिला तर हीच मदत सर्वांत मोठी ठरावी.

आरंभी सांगितलेली ती परित्यक्ता पुढच्या मंगळवारी तुझ्याकडे येईल. शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे बोनाफाईड मी तिच्या पिशवीत नीट लावून दिले आहेत. त्या दिवशी निंदणीचा रोज बुडवून ती येणार आहे, आणि तालुक्याच्या गावाला जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे तिने उसने घेतले आहे. एखादा कागद कमी पडलाच, तर "उद्या या" असे तिला कोणी सांगू नये. काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, म्हणजे मी येथून पाठवीन.

तुझी,
मावशी