बाबांचं गाणं आणि वेल्समधलं शेत

बाबांच्या जुन्या कॅसेटवर 'बोहेमियन रॅप्सडी' ऐकतच मी मोठी झाले. रिटायर झाल्यावर ते एकदा सहज म्हणाले, "हे गाणं कुठे रेकॉर्ड झालं असेल गं?"

मला वाटलं, लंडनच असणार. शोधलं तर निघालं वेल्समधलं शेत! मॉनमथजवळ किंग्सली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी १९६० च्या दशकात घरच्या दूधदुभत्याच्या शेतावरच रॉकफिल्ड स्टुडिओ उभारला. १९७५ मध्ये क्वीनने या गाण्याचं रेकॉर्डिंग तिथेच सुरू केलं. आणि ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी शिकला होता आपल्या पाचगणीच्या शाळेत!

मग मी यादीच केली. कार्डिफमधलं १८९४ पासूनचं रेकॉर्डचं दुकान, स्पिलर्स. वेल्श भाषा जपणाऱ्यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, आजही गाण्यांनी गजबजणारा क्लब इवोर बाख. टॉम जोन्सचं गाव, पॉन्टिप्रिड.

यादी बघून बाबा हसले. "एवढा खर्च कशाला?" आमच्या शिक्षणापायी त्यांनी स्वतःच्या किती इच्छा याच वाक्याने मिटवल्या असतील!

काल मी गुपचूप त्यांच्या पासपोर्टचा फॉर्म भरला. पैसे जमायला वेळ लागेल. तोवर आधी पाचगणी. गाडीत कॅसेटमधलंच गाणं लावायचं, ठरलंय.