शेवंती

शेवंती आमच्या घरी आली ती आषाढात, पाऊस धो धो कोसळत असताना. दोन महिन्यांची होती, पण पंजे मात्र मोठ्या कुत्र्याचे. दादाच्या मित्राकडच्या ग्रेट डेनला पिल्लं झाली होती, त्यातली ही एक. पिवळं अंग आणि काळं तोंड बघून आत्याने जागच्या जागी नाव ठेवलं. वर्ष सरायच्या आत शेवंती चारही पाय जमिनीवर ठेवून स्वयंपाकघराच्या ओट्यावर हनुवटी टेकवू लागली आणि वजनकाटा पन्नास किलोच्या पुढे गेला. आमचं घर जुन्या पनवेलमधलं, कौलारू. पुढे ओटा, मध्ये माजघर, मागे पडवी, विहीर आणि दोन नारळ. एवढं जनावर या घरात मावतं कसं, असं येणारा-जाणारा विचारी. ती मावत नसेच. आम्हीच सरकून बसायचो.

या जातीला अंगावर रेलायची सवय असते. तुम्ही उभे असलात की शेजारी येऊन सगळा भार मांडीवर टाकायचा आणि डोळे मिटायचे. शेवंती रेलायची ती आत्यावर. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढे, अंगाने काडी. ती भिंतीला पाठ लावून उभी राही, म्हणजे दोघी पडत नसत.

दुसऱ्या वर्षीचा श्रावण संपत आला तशी शेवंती बदलली. पहाटे वडाळे तळ्याच्या कडेने फिरायला नेलं की दर चार पावलांवर बसून थोडं थोडं मुतायची. हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायची. वाडग्यातलं अन्न तसंच राहू लागलं. आणि एके सकाळी माजघराच्या शहाबादी फरशीवर लाल थेंब दिसले, देवघरापासून पडवीच्या दारापर्यंत, ओळीने.

हरतालिका आठवड्यावर आली होती. आमच्याकडे गौरी-गणपती असतात. मखराचा सांगाडा उभा होता, आईने डबे घासून उन्हाची वाट बघत ठेवले होते. फरशी पुसता पुसता आईचा चेहरा उतरला. सोवळं-ओवळं ती फारसं मानत नसे, पण गणपतीचे दिवस वेगळे. दादाने तोडगा काढला. मागची पडवी धुवायला सोपी, तिथे साखळीला बांधू, वाडगा तिथेच ठेवू, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

आत्या वाती वळत बसली होती. हातातला कापूस खाली ठेवून म्हणाली, "तिला मागच्या पडवीत बसवायची नाही. मी बसलेय तिथे."

हे घर तिचं माहेर. न्हाण आल्यापासून लग्न होईपर्यंत दर महिन्याला चार दिवस त्याच पडवीत, विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात, वेगळ्या चटईवर आणि वेगळ्या तांब्या-भांड्यानिशी तिने काढले होते. पावसाळ्यात तिथे झड येते. पुढे वैधव्य आल्यावर ती परत इथेच राहायला आली, पण त्या कोपऱ्याबद्दल तिच्या तोंडून आम्ही कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ती तेवढंच बोलली. दादाने साखळी खुंटीला परत अडकवली. आई मोरी धुवायला निघून गेली आणि आली ती जुनी गोधडी घेऊन. शेवंतीचं अंथरूण पुढच्या खोलीत पडलं. माजघराच्या उंबऱ्यावर एक आडवी फळी लावली, गणपती फळीच्या आत आणि शेवंती फळीच्या बाहेर. ती फळी तिला एका टांगेत ओलांडता आली असती. तिने ओलांडली नाही.

त्याच दुपारी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बसून नीट समजावलं, आणि ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण कुत्री पाळणाऱ्या कितीतरी घरांत याबद्दल उलटी समजूत असते. बाईची पाळी येते ती गर्भ राहिला नाही म्हणून. कुत्रीला रक्त जातं ते पुढे गर्भ धरायची तयारी चालू असते म्हणून. पहिले साधारण नऊ दिवस रक्त जातं, अंग सुजतं, नर मागे लागतात पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही, गुरगुरते. मग स्राव कमी होतो, त्याचा रंग फिकट, गवताच्या काडीसारखा होतो. घरच्यांना वाटतं, झालं, संपलं. खरे दिवस तिथून सुरू होतात. पुढचे आठ-दहा दिवस ती स्वतः नर शोधते आणि पाठीवर हात ठेवला तरी शेपूट बाजूला करून उभी राहते. हे दिवस प्रत्येकीचे वेगळे, कुणाचे थोडे, कुणाचे जास्त, म्हणून तीन आठवडे पुरे मोजायचे आणि वर काही दिवस सोडायचे. लहान जातींच्या कुत्र्या सहा-सात महिन्यांच्या झाल्या की माजावर येतात. मोठ्या जातींना वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात आणि पुढची खेपही उशिरा येते.

"तारीख लिहून ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी आईने लाल गोल केला.

हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की खरे दिवस नेमके गौरी-गणपतीत येतात. त्या दिवसांत आमच्या घराचं दार बंद नसतं. आरतीला आळी लोटते, पोरं टाळ घेऊन आत-बाहेर करतात, कुणी प्रसाद घेऊन निघालं की फाटक सताड उघडं. आणि फाटकाबाहेर आदल्या आठवड्यापासून मंडळी जमलेली. भाद्रपद हा रस्त्यावरच्या कुत्र्यांचाही माजाचा महिना, त्यामुळे त्यांच्यात आधीच धुमाकूळ होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा बंड्या, एक काळा लंगडा, बाजाराकडचे दोन-तीन अनोळखी. बंड्या समोरच्या ओट्यावर पावसात भिजत बसून राही. भुंकत नसे, नुसता फाटकाकडे बघत बसे. त्याच्या कानाला खाच नव्हती. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात. बंड्याची पाळी यायची होती.

मला त्या कुत्र्यांचा राग कधी आला नाही. हवेवरून आलेल्या वासाने ती येतात, तहानभूक विसरून उभी राहतात, एकमेकांना फाडतात. त्यांना दगड मारणारी आळीतली पोरं बघून मात्र आत्या काठी घेऊन बाहेर जाई. नर-मादी अडकलेली असताना पाणी ओतणं, ओढून सोडवायला जाणं, हे तर दुष्टपणाचं. तो गाठीचा काळ पंधरा-वीस मिनिटांचा, कधी जास्त. नराचा अवयव फुगलेला असतो, ओढाताण केली तर दोघांनाही इजा होते. आत्याने हे पोरांना भर रस्त्यात, न लाजता, स्वच्छ शब्दांत सांगितलं. पोरंच लाजली.

घराची व्यवस्था अशी लागली की फाटकाला आतून दुसरी कडी आणि आरतीच्या वेळी एक माणूस शेवंतीजवळ. वहिनीने ते काम मागून घेतलं. टाळांचा आवाज सुरू झाला की ती शेवंतीचा पट्टा मनगटाला गुंडाळून पुढच्या खोलीत बसे आणि तिथूनच आरती म्हणे. शेवंतीला मागच्या परसात सोडायचं ते पट्ट्यासकट, आणि आधी विहिरीकडच्या भिंतीवर नजर टाकून. तिच्या मुताचा माग काढत कुत्री दारापर्यंत येतात, म्हणून तळ्यावरचं फिरणं बंद झालं. दादा पहाटे तिला दारातूनच मोटारीत घाली आणि शिरढोणच्या बाजूला मित्राच्या कुंपणाच्या वाडीत नेई. समोर कर्नाळ्याचा सुळका ढगात. तिथे ती मोकळी पळे आणि दमून घरी येई.

आणि लंगोट. बाजारात कुत्र्यांचे डायपर मिळतात, पण शेवंतीच्या कमरेला एकही बसेना. आत्याने आपलं जुनं, मऊ झालेलं नऊवारी काढलं. शेवंतीला उभी करून दोऱ्याने कंबर मोजली, शेपटीची जागा मोजली. मग चौघडी कापड, शेपटीला भोक, भोकाच्या कडेला काजं घालतात तसा बारीक टाका, म्हणजे केस अडकून ओढायला नको. नाडी पाठीवर बांधायची, पोटाखाली गाठ टोचते. आत घालायला घड्या वेगळ्या. दर तीन-चार तासांनी घडी बदलायची, कोमट पाण्याने अंग पुसून कोरडं करायचं आणि रात्री थोडा वेळ मोकळी ठेवायची, नाहीतर ओलीने पुरळ उठतं. भाद्रपदातल्या दमट हवेत काही वाळत नाही. तव्यावर पोळी नसेल तेव्हा चुलीच्या उबेला, नाहीतर इस्त्रीखाली, असं करत घड्या सुकवल्या. गौरीची साडी आणि शेवंतीच्या घड्या एकाच इस्त्रीखाली गेल्या, आईने ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही.

लंगोट फरशीसाठी असतो. त्याने नर अडत नाही. हे विसरून लोक निर्धास्त होतात.

सगळ्यांत अवघड गेली ती तिची अस्वस्थता. रात्री उठून फाटकाशी जायची, बारीक आवाजात कण्हत उभी राहायची. बाहेर बंड्या. मग आत्या उठे, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसे, आणि ते धूड आत्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून झोपी जाई. वाडग्याला तोंड लावत नव्हती, पण आत्याच्या हातचा दहीभात खाई. गौरी जेवल्या त्या दिवशी तिने उकडीचा मोदकही खाल्ला, एका घासात.

माज उतरला, घर मोकळं झालं, आणि दिवाळीच्या पुढेमागे नवंच सुरू झालं. परसात पडलेला एक असोला नारळ तिने तोंडात धरून आणला. गोधड्यांचा ढीग पायांनी उकरून घरटं केलं, नारळ मध्ये ठेवला आणि त्याच्याभोवती अंगाचं वेटोळं घालून पडून राहिली. कुणी जवळ गेलं की गुरगुर. नारळाच्या शेंड्या चाटून चाटून ओल्या केल्या. तिच्या आचळांना दूध आलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, ही खोटी गाभण. माजानंतर कुत्रीच्या अंगात गर्भ असो-नसो, जवळजवळ तसेच बदल होतात, दोन महिन्यांनी ते ओसरले की काही जणी आई झाल्यासारख्या वागतात. दूध पिळून काढायचं नाही, पिळलं तर आणखी येतं. फिरणं वाढवायचं, दोन-तीन आठवड्यांत आटतं. नारळ काढून घ्या, असंही सांगितलं. तो काढून घेणं कुणाला जमेना. शेवटी ती वाडीत गेलेली असताना वहिनीने उचलला, आणि ती परतल्यावर घरभर शोधत फिरली ते बघवेना.

तेव्हापासून पाहुणे सांगू लागले, एक वेत होऊ द्या, कुत्रीला एकदा तरी आई होऊ द्यावं, नाहीतर आजार जडतो. याला वैद्यकात आधार नाही. ग्रेट डेनला आठ-दहा पिल्लं सहज होतात. या गावातल्या फ्लॅटांत अशा आठ-दहांना जागा देणारी आठ-दहा घरं आमच्या ओळखीत नव्हती. त्यातच नवीन पनवेलमधल्या ओळखीच्यांची लॅब्रेडॉर आजारी पडली. माज होऊन महिना झालेला. खूप पाणी पिऊ लागली, उलट्या, मलूल. गर्भाशयात पू झाला होता. माजानंतर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, आत जंतू राहिले तर त्यांना रान मोकळं. तिचं तोंड बंद होतं, बाहेर काहीच दिसलं नाही. रातोरात शस्त्रक्रिया झाली म्हणून वाचली.

आम्ही ठरवलं. पण डॉक्टरबाईंनी थांबायला सांगितलं होतं. मोठ्या जातीची हाडं वाढायला दीड-दोन वर्षं घेतात, त्याआधी गर्भाशय काढलं तर सांध्यांना त्रास संभवतो. माज चालू असताना तिथल्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, तेव्हाही नको. दुसरी खेप ज्येष्ठात आली. ती सोपी गेली, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. दसऱ्यानंतर शस्त्रक्रिया झाली. त्याच भुलीत तिचं जठरही पोटाच्या भिंतीला आतून शिवून घेतलं, कारण खोल छातीच्या या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो आणि काही तासांत जीव जातो. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. टाके निघेपर्यंत गळ्यात मोठं प्लॅस्टिकचं नरसाळं होतं, ते प्रत्येक दाराला अडे. सोडवायला आत्या.

त्याच हिवाळ्यात बंड्यालाही गाडी घेऊन गेली. परत आला तो कानाला खाच घेऊन.

शेवंती नऊ वर्षांची होऊन गेली. या जातीला ते आयुष्य पुरेसं समजतात. शेवटच्या वर्षी मागचे पाय धरत नव्हते, पोटाखाली टॉवेल घालून उचलावं लागे, पण आजारपण असं तिला कधी आलं नाही.

ती गेल्यानंतर दोन वर्षांनी आळीच्या टोकाला झालेल्या इमारतीतली एक मुलगी आली. तिची रॉटवायलर पहिल्यांदा माजावर आली होती आणि घरचे तिला न्हाणीघरात कोंडा म्हणत होते. "आजी, तुमच्याकडे कुत्री होती ना? काय करायचात तुम्ही?" आत्याने ऐंशी ओलांडली होती. तिने आधी मला कालनिर्णय आणायला लावलं, मग माप घ्यायचा दोरा. मुलीच्या घरी जिना चढून गेली, आईवडिलांशी काय बोलली ते मला ठाऊक नाही. दुपारी चष्मा लावून दोन लंगोट शिवले. रॉटवायलरची कंबर जाड आणि शेपूट आखूड, तेव्हा भोक लहान ठेवलं आणि नाडी वीतभर वाढवली.