तक्तपोशी

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घराला बारा बाय आठ फुटांची एक उघडी गच्ची आहे. तिच्यावर लाकडाचे डेक घालायचे, असे गेल्या दिवाळीत ठरले आणि मार्चअखेरपर्यंत ते ठरण्याच्याच अवस्थेत राहिले. 'डेक' हा शब्द बाबांना रुचला नाही. तक्तपोशी असा शब्द हाताशी असताना जहाजावरचा शब्द कशाला उतरवून घ्यायचा, हे त्यांचे म्हणणे. तक्तपोशी बहुधा छताला असते, हे मी त्यांना सांगितले नाही.

वाद अर्थातच शब्दाचा नव्हता. राजापूरकडचे आमचे घर दोन वर्षांपूर्वी उतरवले, तेव्हा माळ्याच्या बावीस सागवानी फळ्या बाबांनी टेम्पोत घालून इकडे आणल्या. त्या जिन्याखाली पडून होत्या आणि त्यावरून सोसायटीच्या दोन चिठ्ठ्याही येऊन गेल्या होत्या. दुकानदार मात्र कंपोझिट दाखवत होता : लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढलेली फळी. वाळवी नाही, तेल नाही, पॉलिश नाही. याला मराठीत काय म्हणावे? संयुक्त म्हणवत नाही, कारण संयुक्त वाक्यातली दोन वाक्ये निदान सुटी करता येतात. इथे भुसा आणि प्लास्टिक एकदा एक झाले की पुन्हा वेगळे होणे कठीण.

सागाची बाजू मला पाठ होती. त्याच्या गाभ्यात मुळातच तेल असते, म्हणून तो पाण्याला आणि वाळवीला सहसा बधत नाही. उन्हात रंग उडून करडा पडतो. पण वरून रंधा फिरवला की आतले लाकूड पुन्हा उजळ निघते. कंपोझिटचा रंग विटला तर विटला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ती अजून तरंगते आहे, हेही मी ऐकवले. सुतार म्हणाला, "मॅडम, तिची डागडुजी करायला माणसं असतील." होती. गेल्या शतकाच्या अखेरीस तिच्या दुरुस्तीला दहा वर्षे लागली.

एका रविवारी बाबांना घेऊन उत्तनला गेले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांत लाकडी होत्या, फायबरच्या होत्या, आणि काही लाकडीच, पण वरून फायबरचा थर चढवलेल्या. बाबांनी अशा एका होडीच्या अंगावर बोटाने टकटक केली. जाळे विणत बसलेले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "काका, लाकूड दरसाल माणूस मागतं. मासेमारी बंद असते तेव्हा खरवडा, तेल पाजा, सांधे भरा. आमची पोरं आता त्याला येत नाहीत." बाबा परतीच्या बसमध्ये काही बोलले नाहीत.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. दर वर्षी गुडघ्यांवर बसून फळ्यांना तेल कोण लावणार, हा प्रश्न घरात कोणी उच्चारला नव्हता. माझे उत्तर मला ठाऊक होते : परीक्षा, पेपर तपासणी, मग पाऊस. जे सांभाळायचे नाही त्याच्या टिकाऊपणाची व्याख्याने मी देत होते.

आम्ही कंपोझिट घातले. खालचा सांगाडा सुताराने स्लॅबला भोक न पाडता बसवला, पाण्याचा उतार मोकळा ठेवला, आणि उन्हाने फळी वाढते म्हणून टोकांना फट सोडली. खाडीचा खारा वारा लोखंडाला टिकू देत नाही, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. काम स्वच्छ झाले. एप्रिलच्या दुपारी मात्र त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, आणि बाबा घरात चप्पल घालत नाहीत. ते सकाळी आठपर्यंत तिथे बसतात.

जुन्या फळ्या सुतारानेच विकत घेतल्या. उचलताना दिसले की प्रत्येकीच्या मागच्या अंगाला गेरूने आकडा घातला आहे. जुन्या सुताराने माळ्यावर त्या ज्या क्रमाने बसवल्या, तो क्रम. जिन्याखालीही बाबांनी त्या त्याच क्रमाने रचल्या होत्या. सातवी फळी त्यांनी काढून घेतली; ती आता त्यांच्या पलंगाखाली आहे. बाकीच्या टेम्पोत चढत असताना ते खाली उभे राहून सुताराला सांगत होते, "आठवी सहावीनंतर लाव. नाहीतर सांधा जुळायचा नाही."

सुतार "हो काका" म्हणाला आणि फळ्या मिळतील तशा रचत राहिला.